बाबांचं वय आणि मरोद्याचा साग

आमच्या घरात बाबांना दोन वयं होती. एक रेल्वेच्या सर्व्हिस-बुकात लिहिलेलं आणि एक आत्याच्या तोंडचं. आत्याच्या मते बाबा बुकातल्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते. मी चार-पाच वर्षांची असताना मला खरंच वाटायचं की सगळ्यांचे बाप असेच असतात, ड्युटीवर जाताना थोडे म्हातारे आणि घरी आले की परत तरणे.

यात आमच्या लोकांना नवल काही नव्हतं. जन्मपत्रिका आमच्यात होती कोणाकडे? पत्रिका मांडणारा आमच्या उंबऱ्याशी कधी आला नाही, आणि नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तर आत्याला पंचांग नुसतं दिसलं तरी चालत नसे. आमच्यात वय काढायचं ते पुरावरून, पटकीवरून, नाहीतर दुकाळावरून. नाल्यावरचा पूल वाहून गेला त्या साली अमका झाला, रूळ राखणाऱ्या गँगच्या झोपड्या जळाल्या त्या उन्हाळ्यात तमकी झाली. बाबा दुकाळात झाले, एवढं सगळ्यांना पक्कं माहीत होतं. कोणत्या दुकाळात, असं विचारलं की आत्या म्हणायची, "मोठ्या." आणि पुढं विचारायची सोय नव्हती.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्यातच होती आणि घर तिच्या आवाजावर चालायचं. तिची गोष्ट अशी की माझे आजोबा भंडाऱ्याकडून दुर्गच्या लाइनवर गँगमन म्हणून आले, बाबा इथंच रुळाकाठच्या झोपडीत जन्मले, आणि मिसरूड फुटायच्या आत आजोबांनी त्यांना साहेबापुढं उभं केलं. साहेबानं विचारलं, किती वर्षांचा? आजोबांनी पोराकडे एकदा पाहिलं आणि अठरा सांगून टाकलं. पोरगं होतं पंधराचं. साहेबानं लिहिलं, आणि तेव्हापासून ती तीन वर्षं बाबांच्या मागे लागली ती लागलीच.

बाबांनी याचा धसका असा घेतला होता की मी रेल्वेच्या दवाखान्यात झाले तेव्हा त्यांनी आधी जन्माची चिठ्ठी मागितली आणि मग मला पाहिलं. हे आई मला दर वाढदिवसाला ऐकवायची. ती चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत, सर्व्हिसच्या कागदांच्या खाली, तेलकट कापडात गुंडाळून ठेवलेली असे.

एवढी वर्षं ती तीन वर्षं कोणी विचारली नाहीत. मी नववीत गेले आणि बाबांना कागद आला की पुढच्या साली पंचावन्न पुरी, तुम्ही रिटायर. बाबा गँगचे मुकादम होते, भिलाई स्टेशनाजवळ आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं, आणि नोकरी गेली की क्वार्टर जाणार हे उघडच होतं. मग जायचं कुठं, तर भंडाऱ्याकडच्या गावी. गावात शाळा चौथीपर्यंत. माझ्या मॅट्रिकला दोन वर्षं होती. आणि गावात पंधरा-सोळा वर्षांच्या पोट्टीचं लोक एकच करतात. आत्याच्या डोळ्यापुढे एक मुलगा होताही, पवनीकडचा, त्याची दोन म्हशींची कीर्ती ती मला भाकरी थापता थापता सांगायची.

मला म्हशींचं काही वाकडं नव्हतं. पण मला नव्या पोलाद प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टर सहाची शाळा आवडायची, तिथं जाताना सायकल मारायला आवडायची, आणि मॅट्रिक पास झालेली पोरगी आमच्या सगळ्या नात्यागोत्यात तोवर एकही नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. ते बोलत नसत, पण रोज संध्याकाळी माझ्या दप्तराला हात लावून ते खिळ्यावर नीट आहे का पाहायचे.

म्हणून बाबा ऑफिसात गेले आणि बडे बाबूंना म्हणाले की माझी जन्मतारीख चूक आहे, तीन वर्षं जास्त लिहिली आहेत. बडे बाबू भला माणूस होता. म्हणाला, "मुकद्दम, मैं मान लूँगा, कागज़ नहीं मानेगा. कुछ सबूत लाओ." बाबा घरी आले आणि आत्याकडे बघून म्हणाले, "बाई, तू चालते का सबूत म्हणून?" आत्या म्हणाली, "चालते की. पण त्याले सांग, खुर्ची ठेव म्हणा माझ्यासाठी."

आता पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी पडवीत मोठ्यानं विज्ञानाचं पुस्तक वाचत होते. पुस्तक हिंदीत, म्हणून मी एक ओळ हिंदीत वाचायची आणि आईला समजावी म्हणून मराठीत सांगायची. झाडाचं खोड आडवं कापलं की आत गोल गोल वलयं दिसतात, दर साली एक. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, दुकाळ पडला तर बारीक. बाबांनी चहाची बशी तोंडाशी नेली होती ती तशीच खाली ठेवली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग चपला घातल्या. "चाल," म्हणाले, "मरोद्याले जाऊ."

मरोद्याला एक साग होता. होता म्हणजे त्याचा बुंधा होता. प्लांट बांधायला गिट्टी न्यायची म्हणून तीन वर्षांपूर्वी तिकडून तात्पुरते रूळ टाकले होते, आणि त्या रुळांच्या आड येत होता म्हणून तो साग बाबांच्याच गँगनं पाडला होता. पुढं रूळ उखडले, साग काही परत उभा राहिला नाही. बुंधा एवढा मोठा की आमचं सगळं घर त्यावर जेवायला बसलं असतं. बाबांच्या डायरीत पाडल्याचा दिवस लिहिलेला होता, त्यामुळे सगळ्यात बाहेरचं वलय कोणत्या सालचं हे आयतंच हाती होतं. तिथून आत मोजत जायचं. सर्व्हिस-बुक खरं असेल तर दुकाळाचं बारीक वलय एक्कावन्नावं यायला हवं, आणि आत्या खरी असेल तर अठ्ठेचाळिसावं. इतकं सोपं होतं ते.

आम्ही दोन रविवार नुसता बुंधा घासला. आधी गिट्टीच्या दगडानं, मग काचकागदानं, मग ओल्या फडक्यानं, मग जवसाचं तेल लावून. आत्या डबा घेऊन आली आणि आम्हाला गुडघ्यांवर बसून लाकूड पुसताना पाहून म्हणाली, "जित्या माणसाले विचारत नाहीत, मेल्या झाडाले विचारून राहिले." पण डबा ठेवून ती गेली नाही, निकाल ऐकायला तिथंच बसली.

बाबांनी दक्षिणेकडून एक सरळ रेघ आखली आणि मी त्या रेघेवर मोजत गेले. डोळ्याला बाबांचा चष्मा उलटा धरून. दर दहाव्या वलयात बाभळीचा एक काटा टोचायचा. चार काटे झाले, म्हणजे चाळीस, मग पुढची पाच, सहा, सात वलयं, आणि आठव्याशी माझं बोट थांबलं. दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरात दोनच मावतील अशी रुंद वलयं, आणि मधे हे एक, नुसती केसाएवढी रेघ.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले.

 बाबांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि परत घातली. आत्या म्हणाली, "म्या तर सांगतच होती, पण घरात ऐकते कोण?"

एवढ्यात सायकलवरून फॉरेस्टवाले काका आले. हे गृहस्थ आधी चांद्याच्या जंगलात गार्ड होते आणि आता प्लांटच्या बगिचा खात्यात होते. सेक्टर सहाच्या रस्त्यांवर कडुलिंबाची आणि गुलमोहराची रोपं लावत फिरायचे. बाबा झाडं तोडणारे आणि काका लावणारे. दोघांची ओळखच या सागावरून झाली होती. साग पाडायच्या दिवशी काका धापा टाकत आले, तोवर झाड आडवं झालं होतं. तेव्हापासून दोघे दर रविवारी भांडायचे आणि भांडून झालं की एकत्र चहा प्यायचे.

काकांनी आमचं मोजणं ऐकून घेतलं. मग सायकल टेकवून ते बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडे, जाऊन बसले आणि त्यांनी तिकडून मोजायला सुरुवात केली. मला वाटलं थट्टा करताहेत. पुष्कळ वेळानं मान वर करून म्हणाले, "मुकादम, तुमचं बारीक वलय इकडून एक्कावन्नावं येऊन राहिलं."

"ते दुसरं असंल."

"दुसरं नाई. तेच होय."

"मंग तुमाले मोजता येत नाई."

झालं, पेटलं. आमच्या बाजूनं अठ्ठेचाळीस, त्यांच्या बाजूनं एक्कावन्न. झाड एक, कापलेलं एकदा, आणि दोन माणसं दोन बाजूंना बसून आपापला आकडा सोडायला तयार नाहीत. त्या दिवशीचा चहा दोघांनी पाठमोरं बसून घेतला.

पुढच्या रविवारपासून जे काही चाललं त्याला मी वादच म्हणेन. काका म्हणायचे, झाड काही नुसता पाऊस लिहून ठेवत नाही. सागाला अळी लागते, एका पावसाळ्यात पानांची नुसती जाळी करून टाकते, त्या साली पाऊस ढीग पडला तरी झाड वाढत नाही. मग बारीक वलय म्हणजे दुकाळ, हे कोणी सांगितलं? बाबा म्हणायचे, अळीचं माहीत नाही, पण आत्यानं जुनवानीकडचा तलाव आटलेला स्वतः पाहिला आहे, आणि त्यातल्या चिखलात अळ्या नव्हत्या. काका म्हणायचे, एका झाडाच्या सांगण्यावरून सगळ्या मुलखाचा पाऊस ठरवता काय, दहा झाडं पाहा. बाबा म्हणायचे, "पाहू. माझ्या गँगले सांगतो, दहा पाडा." यावर काकांनी पुन्हा दहाचं नाव काढलं नाही.

काका एकदा बोलून बसले की पाऊस मधेच दडी मारून परत आला तर झाड एका साली दोन वलयं देते. बाबांना तेच हवं होतं. "पाहा," ते म्हणाले, "तुमच्या बाजूले तीन वलयं फुकटची आहेत. तुमीच सांगून राहिले." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "मुकादम, झाड गोल असते. दडी मारली तर सगळ्या बाजूंनी मारंल ना, माझ्याच बाजूनं कायले मारंल?" यावर बाबा म्हणाले की चहा थंड होऊन राहिला.

आत्याचं म्हणाल तर ती बाबांच्या बाजूची, आणि त्याला कारण होतं. ती बाबांहून आठ वर्षांनी मोठी होती हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. बाबा तीन वर्षांनी मोठे ठरले तर आत्या आपोआप साठीच्या पार जात होती. एकदा हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते बोलून दाखवलं. आठ दिवस तिनं माझ्या भाकरीला तूप लावलं नाही.

बाबांनी शेवटी गँगचा आरा आणला आणि बुंध्याची चार बोटं जाड अशी एक चकती कापून घेतली. बडे बाबूंच्या टेबलावर ठेवायची म्हणून. ती हातगाडीवर घालून घरी आणली आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. आत्याच्या मनात तिच्यावर पापड वाळवायचं होतं. बाबा म्हणाले, "खबरदार, ते सरकारी कागदपत्र होय." त्या चकतीपायी आम्हाला पडवीतून आडवं होऊन जावं लागायचं.

माझा खरा घात काकांनी केला. एकदा शाळेतून येताना ते मला सेक्टर सहाच्या कोपऱ्यावर रोपाला आळं करताना दिसले. मी सायकलवरून उतरले. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचं सोड, माझंही सोड. दोन रेघा मोजून भांडण तुटणार नाई. एक वलय धर, त्याच्यावर पेन्सिल ठेव, अन् गोल फिरत जा. जिथून निघाली तिथंच परत आली पाहिजे. अधेमधे वलय हारपलं तर समज तिथंच गडबड आहे."

मी घरी आले. बाबा ड्युटीवर, आत्या झोपलेली, आई नळावर. मी काकांच्या बाजूचं एक-एक वलय धरून पेन्सिल फिरवत बाबांच्या बाजूला यायला लागले. बहुतेक वलयं बिचारी सरळ परत आली. पण तिसाव्याच्या पुढे एक वलय बाबांच्या रेघेजवळ आलं आणि थांबलं. तिथं बोटभर काळा डाग होता. आम्ही सगळे त्याला गाठ समजत होतो. वलय त्या डागाशी येऊन संपलं, आणि डागाच्या पलीकडून परत सुरू झालं. त्याच्या पुढचंही तसंच, आणि त्याच्या पुढचंही. मग चौथं त्या डागावरून आरामात निघून गेलं.

कोणीतरी कधीकाळी झाडाच्या बुडाशी विस्तव केला असेल. तेवढी जागा भाजली आणि तीन वर्षं तिथं लाकूड धरलंच नाही. बाबांची रेघ नेमकी त्या डागावरून गेली होती. बारीक वलय दोन्ही बाजूंनी एकच होतं, आणि ते एक्कावन्नावं होतं. म्हणजे सर्व्हिस-बुक खरं. आजोबांनी साहेबाला थाप मारलीच नव्हती. बाबा अठराचे होते आणि अठराच सांगितले होते, आणि आत्या इतकी वर्षं स्वतःची तीन वर्षं वाचवायला बाबांची कापत होती.

 मी खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीची सगळी वर्तुळं पुसून काढली. तेल लावलेल्या लाकडावरचं पुसलं जाता जाईना, तर पदरानं घासलं. मग आत जाऊन गणित सोडवत बसले आणि एकही बरोबर आलं नाही.

आठ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. मला रागही आला होता, खरं सांगायचं तर. काकांवर आला, की यांना कोणी सांगितला होता नसता शहाणपणा. विस्तव करणाऱ्या त्या मेल्यावर आला. सगळ्यात जास्त स्वतःवर आला, कारण गप्प बसणं मला वाटलं होतं त्याहून सोपं जात होतं. रोज सकाळी सायकल काढताना मी मनात म्हणायची, कोणाला दिसणार आहे, आणि ते खरंच होतं. डाग गाठीसारखाच दिसत होता. बडे बाबू काही पेन्सिल घेऊन गोल फिरायला बसणार नव्हते.

मग रविवारी बाबांनी पडवीत सतरंजी टाकली, माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "लिही अर्ज. चांगल्या हिंदीत लिही." मी लिहायला लागले. सविनय निवेदन आहे, वगैरे. बाबा चकतीकडे पाहून सांगत होते. "लिही, की झाडाची मोजणी माझ्या मुलीनं स्वतः केली आहे. ती नववीत आहे. विज्ञानात तिचा पहिला नंबर आहे. तिनं मोजलं ते खरं आहे."

माझा हात थांबला. तिनं मोजलं ते खरं आहे, हे मला लिहिता येईना. मी पेन खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या बाजूले तीन वलयं नाहीत," मी म्हणाले. "तो काळा डाग गाठ नाही होय. जळालेलं आहे. तीन वलयं तिथं येऊन थांबतात. काकांचं बरोबर आहे."

आतून भाकरी थापायचा आवाज येत होता तो बंद झाला. बाबा उठले, चकतीपाशी गेले आणि त्यांनी अंगठा त्या डागावर नेमका ठेवला. शोधावा लागला नाही. बाबांचा अंगठा म्हणजे आमच्या लाइनवर नावाजलेला. रुळाच्या सांध्यावरून तो फिरवून ते सांगायचे, की इथं केसाएवढा चढउतार आहे.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी लागलं होतं बोटाले."

"मग तुमी बोलले कावून नाही?"

"तू कावून बोलली?" त्यांनी उलट मलाच विचारलं. रागावले नव्हते. "अर्धा अर्ज तर झाला होता. ते तीन साल मले कायले पाहिजे होते माय? माझे तर रुळावर निघून गेले. ते तुझे होते."

मी रडायला लागले. मी काही सहजासहजी रडणारी नव्हते, पण रडले, आणि आत्यानं दारातून डोकं काढून विचारलं की काय झालं. बाबा म्हणाले, "काही नाही बाई. तू तीन सालांनी मोठी झाली." आत्या म्हणाली, "पोट्टीनं केलं ना हे? करू दे. म्हशीवाला अजून वाट पाहून राहिला."

अर्ज गेला नाही. बाबांनी तो चौघडी करून चुलीपाशी ठेवला आणि संध्याकाळी आईनं तो विस्तव पेटवायला वापरला.

पुढच्या रविवारी काका आले ते हसत आले, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. बाबांनी त्यांना सरळ सांगितलं, की तुमी जिंकले, एक्कावन्न, पोरीनं पेन्सिल फिरवून पाहिलं. काका आनंदानं मांडीवर थाप मारणार होते, हात वरही गेला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्वार्टरकडे पाहिलं. आईनं आदल्या दिवशी गावी पाठवायला बांधून ठेवलेल्या पितळेच्या भांड्यांच्या पोत्याकडे पाहिलं. आणि तो हात हळूच खाली आला.

मग आमच्या पडवीत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काका चकतीपुढे उकिडवे बसले, चष्मा लावला, आणि म्हणाले, "पण मुकादम, ते बारीक वलय दुकाळाचंच असंल कावून? अळीचं असू शकते."

"दुकाळाचं होय," बाबा म्हणाले.

"हे पाहा ना, इथं तीन वलयं अलीकडं अजून एक बारीक आहे. थोडंसंच बारीक आहे, पण आहे. बरोबर अठ्ठेचाळीसवर. दुकाळाचं हे असंल. ते दुसरं अळीचं."

"हे अळीचं. ते दुकाळाचं."

"एका झाडावर भरोसा ठेवता काय तुमी?"

"ठेवतो. चांगलं झाड होतं. तुमीच म्हणत होते."

महिनाभर ज्या अळीनं काका बाबांना हरवायला पाहत होते तीच अळी आता ते बाबांसाठी लढवत होते, आणि बाबा स्वतःच्याच विरुद्ध असे जिद्दीनं लढत होते जसं काही तीन वर्षं मोठं ठरणं हे बक्षीस आहे. काका शेवटी चिडले. म्हणाले, "अहो, मी जंगलात जन्म काढला. मी लिहून देतो, की यातून काही नक्की सांगता येत नाही. आणि ते खोटं नाही, खरंच सांगता येत नाही. द्या अर्ज."

बाबा म्हणाले, "तुमचं बरोबर असंल, जंगलसाहेब. पण पोरीनं मोजलं आहे. समोर तिचं नुकसान दिसत होतं, तरी तिनं सांगितलं. आता मी तिचं मोजणं खोटं पाडू काय?"

 काका उठले, सायकल घेतली आणि चहा न पिताच गेले. आईला वाटलं रागावले. तासाभरात परत आले तर मागच्या कॅरियरवर काकू. काकूंना मी तोवर दोनदाच पाहिलं होतं, ठेंगणी बाई, बोलायला अगदी थोडी. सायकलवरून उतरून त्या सरळ आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "झाडाचं राहू द्या. पोरीले आमच्याकडं ठेवा. शाळा घरामागंच आहे. दोन खोल्या आहेत, पोरंबाळं नाहीत. दोन साल काय, निघून जातील."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा चकतीकडे पाहत बसले. आत्या मात्र आत्या होती. तिनं काकूंना विचारलं, "भाकरीले तूप लावता का तुमी?" काकू म्हणाल्या, लावते. आत्या म्हणाली, "मंग जाऊ दे."

बाबा बुकातल्या तारखेला रिटायर झाले. क्वार्टर सुटलं, आई-बाबा-आत्या गावी गेले आणि मी एक पेटी, दप्तर आणि ती चकती घेऊन सेक्टर सहात काकूंकडे राहिले. चकती गावी न्यायला आत्यानं साफ नकार दिला होता. दर महिन्याला बाबा पॅसेंजरनं यायचे, सोबत तांदूळ आणि आत्याचे निरोप आणायचे, आणि जेवण झालं की काकांशी भांडायला बसायचे. बाजू तशाच उलट्या राहिल्या, काका बाबांना तीन वर्षांनी लहान ठरवायला झटायचे आणि बाबा स्वतःला मोठं. काका शेवटपर्यंत अळी म्हणत राहिले आणि बाबा दुकाळ.

मॅट्रिकचा फॉर्म भरायचा होता त्या दिवशी बाबा मुद्दाम आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी. काकाही रजा टाकून आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही तिघं मास्तरांच्या टेबलापुढे उभे राहिलो. मास्तरांनी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि विचारलं, लड़की की जन्मतिथि?

बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून तेलकट कापड काढलं. ते त्यांनी घडीघडीनं सोडवलं. आतून दवाखान्याची ती चिठ्ठी निघाली. घड्यांवर फाटत आलेली, पण अक्षर स्पष्ट होतं. ती त्यांनी दोन्ही हातांनी मास्तरांपुढे ठेवली आणि काकांकडे वळून म्हणाले, "हिची तारीख पक्की आहे, जंगलसाहेब. हिच्यासाठी झाड पाहा लागत नाही."